दात्याचा कायदा आणि गरिबाचा हक्क

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी संसदेत जाहीर केले की, संरक्षणावरचा खर्च वाढवायचा आहे आणि त्यासाठी परदेशी विकास मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणली जाईल. तीनच दिवसांनी विकास मदतीचे काम पाहणाऱ्या मंत्री अ‍ॅनलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी अमेरिकेने आपली मदतसंस्था यूएसएड मोडीत काढली. त्या गदारोळापुढे ब्रिटनची बातमी झाकोळून गेली. मला मात्र ब्रिटनची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. परदेशी मदतीचा हेतू गरिबी कमी करणे हाच असला पाहिजे, असे कायद्यात लिहून ठेवणारा हा देश आहे. तिथेच ही मदत आटत असेल, तर कायद्याने काय साधले आणि काय साधले नाही, हे नीट पाहायला हवे.

या प्रश्नावर ब्रिटनमधल्या मराठी घरांतही दोन तट आहेत. पुढच्या संवादातले मामा आणि भाची कल्पित आहेत. मामा लंडनच्या एका नगरपालिकेत हिशेबाचे काम करून निवृत्त झालेले, भाची बांगलादेशात मदत प्रकल्पांवर काम करून परतलेली. घटना आणि आकडे मात्र खरे आहेत.

मामा : कपातीवर तू इतकी का संतापतेस? हा पैसा गरिबांसाठी होता तरी कधी? १९८६ साली ब्रिटनने भारताला मदत म्हणून २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरं दिली. साडेसहा कोटी पौंडांची. दिल्लीला ती फारशी नको होती, पण वेस्टलँड कंपनी डबघाईला आलेली, म्हणून पंतप्रधान थॅचरबाईंनी जोर लावला. पवन हंसने ती घेतली. समुद्रात तेलविहिरींवर माणसांची ने-आण करायची, हे त्यांचं काम. अपघात झाले, १९९१ पर्यंत सगळा ताफा जमिनीवर बसला, आणि पुढे नऊ लाख पौंडांच्या आसपास विकून टाकला. ब्रिटनच्या वहीत मात्र ते साडेसहा कोटी भारताच्या नावावर लागले. मी आयुष्यभर हिशेब लिहिले. अशी नोंद केली असती, तर मला नोकरीवरून काढलं असतं.

भाची : ती नोंद खोटीच होती, मामा. त्या काळी मदतीच्या पैशातून आपल्याच कंपन्यांचा माल खपवायची रीतसर योजना होती, ‘मदत आणि व्यापार तरतूद’ या नावाची. पण ती बंद कशी झाली, तेही सांगा ना. पेर्गाऊ धरणाचं प्रकरण तुम्ही सोडून देता.

मामा : मलेशियातलं ना? सोडत कशाला. ते तर हेलिकॉप्टरांहून मोठं.

भाची : केलांतान राज्यातलं धरण. २३ कोटी ४० लाख पौंड. मदतखात्याचे सचिव टिम लँकेस्टर यांनी लेखी सांगितलं होतं की, वीज याहून स्वस्तात मिळेल, हे धरण म्हणजे मदतीच्या पैशाचा गैरवापर आहे. पण १९८८ साली मलेशियाशी शस्त्रविक्रीचा करार झालेला, त्याला मदत जोडली गेली होती, आणि थॅचर शब्द देऊन बसल्या होत्या. लँकेस्टर सहीला तयार होईनात. ‘मंत्र्यांनी लेखी आदेश द्यावा,’ असं त्यांनी मागितलं. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी १९९१ मध्ये मंजुरी दिली. मग ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट’ ही संघटना कोर्टात गेली, आणि १९९४ साली उच्च न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला. का? तर मदतीचा कायदा विकासासाठी पैसे द्यायला सांगत होता, आणि या धरणात विकासाचं समर्थन करता येईल असं काही नव्हतं.

मामा : धरण मात्र बांधलं गेलंच.

भाची : बांधलं गेलं. पण पुढचं सगळं त्या निकालाच्या धक्क्यातून घडलं. १९९७ मध्ये लेबर पक्ष आला, मदतीसाठी वेगळं खातं झालं, त्याच्या मंत्र्याला मंत्रिमंडळात खुर्ची मिळाली. क्लेअर शॉर्ट त्या खुर्चीवर बसल्या. ती हेलिकॉप्टरवाली योजना त्याच वर्षी गेली. २००१ पासून ब्रिटिश माल घेण्याची अट उठली. आणि २००२ चा कायदा म्हणतो की, या मदतीने गरिबी कमी व्हायला हातभार लागेल अशी मंत्र्याची खात्री पटली, तरच विकासासाठी पैसे द्यायचे. व्यापार किंवा मैत्री हा हेतू त्यात बसत नाही.

इथे मला मध्येच बोलावेसे वाटते. मदतीची चर्चा बहुतेकदा टक्क्यांभोवती फिरते, ०.७ की ०.५ की ०.३. ०.७ हे लक्ष्य संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवले. ब्रिटनने ते २०१३ मध्ये गाठले, २०१५ मध्ये कायद्यात घातले, आणि श्रीमंत देशांच्या जी-७ गटात तसे करणारा तो पहिला ठरला. ही गोष्ट मोठी खरीच. पण २००२ चे ते एक वाक्य मला त्याहून मोठे वाटते. पैसा किती, हे दुसऱ्या कायद्याने ठरवले. पैसा कशासाठी, हे पहिल्याने. हेतू निसटला तर दुप्पट पैशातूनही हेलिकॉप्टरेच येतील.

मामा : वाक्य चांगलं आहे. पण वाक्याने पोट भरतं का? तू तिथे राहिलीस. त्या वाक्यामुळे काय बदललं ते सांग.

भाची : जमुनेच्या पात्रातले चर सांगते. आपल्या ब्रह्मपुत्रेला बांगलादेशात जमुना म्हणतात. तिच्या पात्रात वाळूची बेटं तयार होतात, तेच चर. भूमिहीन माणसं जागा नाही म्हणून तिथे जाऊन राहतात. दरवर्षी पूर येतो, घरात पाणी शिरतं, जनावर वाहून जातं, दाणे कुजतात. मग कर्ज काढायचं, आणि फेडायला ढाक्याला जाऊन सायकलरिक्षा ओढायची. २००४ ते २०१६ अशी बारा वर्षं ब्रिटिश पैशातून तिथे एक कार्यक्रम चालला, नंतर ऑस्ट्रेलियाही आली. सुरुवात कशाने केली माहीत आहे? जोत्याने. लोकांना आठवणारा सगळ्यात मोठा पूर जिथपर्यंत चढला, त्याच्याही दोन फूट वर मातीचा भराव टाकायचा, आणि घर, गोठा, परसबाग सगळं त्यावर. भराव टाकायची मजुरी त्याच चरावरच्या माणसांना, तीही पावसाळ्यानंतर, भाताच्या कापणीआधीच्या कामाच्या टंचाईत.

मामा : आणि मग गाय.

भाची : हो, बहुतेक बायका गायच निवडायच्या. सोबत दीड वर्ष दरमहा थोडी रोख रक्कम, म्हणजे अडचणीत गाय विकायची पाळी यायला नको. पिण्याच्या पाण्याची सोय, संडास. आणि दर आठवड्याला बायकांची बैठक. तिथे हुंड्यापासून हात धुण्यापर्यंत सगळं बोललं जायचं. लाखाहून अधिक कुटुंबं या कामात आली. मामा, कुठल्या ब्रिटिश कंपनीला यातून कंत्राट मिळणार होतं? कुठल्या मुत्सद्द्याला या चराचा उपयोग होता? जे खातं परराष्ट्र खात्याच्या हाताखाली नव्हतं आणि ज्याला गरिबीचाच जाब द्यायचा होता, तेच असल्या ठिकाणी पोचू शकत होतं.

मामा : तो चर नदीने खाल्ला म्हणजे?

भाची : खाते की. काही वर्षांत खातेच. मग माणसं घराचे पत्रे, गाय आणि सामान घेऊन दुसऱ्या चरावर जातात. जोतं मागे राहतं, पण गाय आणि हातातले चार पैसे बरोबर जातात. पूर्वी यातलं काहीच बरोबर जात नव्हतं.

मामा : हे ऐकून मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण माझा प्रश्न दुसराच आहे. चरावरच्या माणसाला जोतं बांधून देणं, पाणी देणं, हे काम कुणाचं? ढाक्याच्या सरकारचं. ते काम लंडन करायला लागलं, की ढाक्याला कुणी जाब विचारायचा? अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेले अँगस डीटन हेच तर सांगतात. लोकांकडून कर घेणारं सरकार लोकांना उत्तर देतं. सरकारचा खर्च परका देश उचलत असेल, तर ते उत्तर त्या परक्या देशाला देतं. ब्रिटनने रवांडाला वर्षानुवर्षं थेट सरकारच्या तिजोरीत पैसे दिले. २०१२ मध्ये शेजारच्या काँगोतल्या बंडखोरांना रवांडाची फूस आहे हे पुढे आलं, तेव्हा ते थांबवावे लागले.

भाची : पण तोवर रवांडात मुलं मरायचं प्रमाण झपाट्याने उतरलं होतं. तेही धरायला हवं.

मामा : धरतो. तू महाराष्ट्राचं धर. बाहत्तरचा दुष्काळ मी पाहिलाय. खडी फोडायच्या कामावर आमच्या गावची निम्मी माणसं होती. रोजगार हमी तेव्हा जोरात वाढली. वि. स. पागे यांनी त्याआधी तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केलेला. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम द्यायचं, ते सरकारवर बंधनकारक. आणि पैसे कुठून? नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा. मुंबईतला कारकून मराठवाड्यातल्या मजुराच्या मजुरीला पैसे देत होता, आणि दोघांचं मत एकाच विधानसभेला जात होतं. काम मिळालं नाही, तर मजूर तहसील कचेरीवर मोर्चा नेत होता. शेतमजुरांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या यातूनच. माझ्या लेखी गरिबी हटवायचं धोरण असं असतं. तुझ्या चरावरची बाई लंडनला मोर्चा नेऊ शकते का?

भाची : नाही नेऊ शकत. पण मला एक सांगा, मलावीत मुंबई कुठे आहे?

मामा : म्हणजे?

भाची : व्यवसाय कर भरायला पगारदार लागतात. महाराष्ट्राजवळ मुंबई होती, म्हणून मराठवाड्याची मजुरी देता आली. मलावी, नायजर, दक्षिण सुदान इथे कर घ्यायचा कुणाकडून? सगळा देशच दुष्काळी तालुक्यासारखा आहे. भारत, चीन, व्हिएतनाम स्वतःच्या बळावर वर आले, कबूल. भारताच्या खर्चात ब्रिटनची मदत नगण्यच होती. २०१२ मध्ये ब्रिटनने ती थांबवायचं ठरवलं, २०१५ ला ती संपली, आणि दिल्लीला काही फरक पडला नाही. पण ज्यांच्याजवळ मुंबई नाही त्यांनी कुठे जायचं?

भाचीचा हा प्रश्न मला या सगळ्या वादातला सर्वात खरा वाटतो, आणि मामांचा त्याआधीचा प्रश्नही तितकाच खरा. रोजगार हमीत देणारा आणि घेणारा एकाच राज्याचे नागरिक होते. परदेशी मदतीत देणाऱ्याच्या संसदेत घेणाऱ्याचे मत नाही. म्हणून दात्याच्या कायद्याला इतके महत्त्व येते. जिला मत नाही, तिच्या वतीने तो एकच कागद बोलतो. आणि तो मोडला तर कोर्टात जायला तीही येऊ शकत नाही. पेर्गाऊच्या वेळी मलेशियातला कुणी गेला नव्हता, ब्रिटनमधलीच संघटना गेली होती. पुढे काय झाले, ते याच नजरेने पाहिले पाहिजे.

मामा : तुझा तो कागद २०२० मध्ये कुठे होता?

भाची : जागेवरच होता, अजूनही आहे. पण त्याची राखण करणारं खातं गेलं. जून २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांनी मदतखातं परराष्ट्र खात्यात विलीन करायचं जाहीर केलं. सप्टेंबरात ते झालंही. कारण देताना ते म्हणाले, आपण झांबियाला युक्रेनइतकीच मदत देतो, आणि पश्चिम बाल्कनमधल्या सहा देशांच्या दहापट टांझानियाला. त्यांना हे चुकीचं वाटत होतं. मामा, झांबिया आणि टांझानियात गरिबी किती भयंकर आहे! गरिबी हा निकष असेल, तर पैसा तिथेच जायला हवा. निकष बदलला, हे पंतप्रधान सभागृहात उभं राहून सांगत होते.

मामा : आणि टक्का?

भाची : २०२१ मध्ये ०.७ वरून ०.५. कोविडचं कारण होतं. संसदेत मतदान झालं, सरकार ३३३ विरुद्ध २९८ ने जिंकलं. २०१५ च्या कायद्यात शिक्षा नव्हतीच. लक्ष्य हुकलं तर मंत्र्याने संसदेत निवेदन करायचं, बस. त्या वर्षी कशाकशाला कात्री लागली ते मी जवळून पाहिलं. कुटुंबनियोजनाची साधनं गरीब देशांना पुरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमाला १५ कोटी ४० लाख पौंड मिळणार होते, मिळाले २ कोटी ३० लाख. हत्तीरोग, खुपरी असल्या दुर्लक्षित रोगांवरचा कार्यक्रम मुदतीआधीच बंद केला. त्या गोळ्या औषध कंपन्या फुकट देतात. गोळ्या गावापर्यंत पोचवायचा आणि वाटायचा तेवढा खर्च उचलायचा होता. तोच थांबला, आणि गोळ्या गोदामात मुदत संपायची वाट बघत राहिल्या.

मामा : फुकटच्या गोळ्या? हे मात्र निव्वळ पाप झालं.

भाची : आणि तुम्ही हिशेबनीस, म्हणून तुम्हाला आणखी एक सांगते. २०२२ मध्ये ब्रिटनच्या एकूण मदतीतले ३७० कोटी पौंड कुठे गेले? ब्रिटनमध्येच. आश्रय मागायला आलेल्यांना हॉटेलात ठेवायला आणि युक्रेनहून आलेल्यांच्या खर्चाला. जवळजवळ २९ टक्के. पुढच्या वर्षी ४३० कोटी. दाता देशांच्या समितीचा नियम आहे, निर्वासितांचा पहिल्या बारा महिन्यांचा खर्च विकास मदत म्हणून मोजता येतो.

मामा : म्हणजे केंटमधल्या हॉटेलच्या मालकाला दिलेले पैसे परदेशातल्या गरिबीच्या वहीत?

भाची : तेच. निर्वासितांना निवारा द्यायलाच हवा, त्यावर माझं दुमत नाही. पण तो गृहखात्याने आपल्या पैशातून द्यावा. ०.५ टक्के म्हणजे सुद्धा पुरते ०.५ नव्हतेच, हे कुणी सांगत नाही.

मामा : मग मी म्हणतो तेच खरं ठरलं. मत नसलेल्याचा पैसा आधी कापला जातो, उरलेला घराकडे वळतो. ऐंशीच्या दशकात हेलिकॉप्टरांच्या रूपाने वळला, आता हॉटेलांच्या. तुझा कायदा असतानाही.

भाची : कायद्यामुळे मधली वीस वर्षं तरी मिळाली. चरावरची जोती त्या वीस वर्षांतली आहेत.

मामा : आणि भारताची मदत बंद झाली म्हणतेस, ती तरी खरंच झाली का?

भाची : दुसऱ्या दाराने चालू राहिली. स्वतंत्र परीक्षण करणाऱ्या आयोगाने २०२३ मध्ये मोजदाद केली, तर २०१६ ते २०२१ या काळात सुमारे २३० कोटी पौंड भारतात आले. त्यातले १०० कोटी ब्रिटनच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने धंद्यांत गुंतवलेले. आयोगाने स्पष्ट लिहिलं की, या सगळ्याचा गरिबी हटवण्याशी संबंध पक्का दिसत नाही. याच आयोगाने त्याच्या दहा वर्षं आधी पश्चिम ओडिशातल्या पाणलोटाच्या कामाला सर्वोत्तम शेरा दिला होता, हेही लक्षात घ्या. बोलांगीर, नुआपाडा, कालाहांडी. पाणलोटाचा फायदा जमीनवाल्याला होतो, हे तर आपल्याकडच्या कुठल्याही गावाला ठाऊक आहे. तिथे बंधाऱ्यांबरोबर भूमिहीनांसाठी वेगळे पैसे ठेवले होते. शेळ्या, मासे, छोटा धंदा, ज्याला जे जमेल ते. दाता तोच, देश तोच, दोन कामांत एवढं अंतर.

मामा : दुसरं काम सुचलं ते गावात बसणाऱ्या माणसाला. गुंतवणुकीचा कागद कुठल्या कचेरीत तयार होतो ते मला माहीत आहे. ०.३ वर आलं की ती गावात बसणारी माणसं आधी घरी जातील, बघ तू. पैसे थोडे उरले की ते मोठ्या संस्थांना एकरकमी देऊन टाकणं सोपं.

भाची : म्हणूनच मी खासदाराला पत्र लिहितेय. तुम्ही सही करा.

मामा : काय काय मागतेस?

भाची : ०.७ परत आणा. मदतखातं परत वेगळं करा.

मामा : खात्याला माझी सही घे. ०.७ ला नाही. त्याआधी दोन गोष्टी लिही. निर्वासितांचा खर्च या वहीतून बाहेर काढा, ही पहिली. दुसरी, ज्या देशाला पैसे देता त्याच्या संसदेपुढे आकडे त्यांच्या भाषेत ठेवा, तिथल्या माणसाला निदान विचारता तरी येऊ दे.

भाची : संसदच चालत नसेल तिथे? दक्षिण सुदानमध्ये कुणापुढे ठेवायचे?

मामा : तिथे सरकारच्या हातात रोकड नको. लस, धान्य, औषध द्या, आणि गावात वाचून दाखवा. आकडा मी नंतर ठरवेन.

भाची : दर वेळी हेच होतं, मामा. आकडा नंतर म्हणता म्हणता तो ०.३ झाला. मी दोन्ही मागण्या घालते, तुमच्या शब्दांत घालते. पण एक आकडा आजच लिहायचाय.

मामा : ०.५ लिही. पण हॉटेलं वजा करून.